न्यू जर्सीत कुठे आलेत डोंगर?

माझा नवरा सदाशिव पेठेतला. त्यामुळे चढ म्हणजे सिंहगडाचा, बाकी जगात आहेत ते स्पीडब्रेकर. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं आणि याने थेट ॲपलेशियन ट्रेल काढला, म्हणजे अमेरिकेतली डोंगरांमधून जाणारी लांबलचक पायवाट. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत चौदा राज्यं आणि जवळपास २,२०० मैल.

"सगळा नाही गं. आपल्या न्यू जर्सीतला तेवढा. ७२ मैल. शनिवारी शनिवारी, तुकड्या पाडून."

मग त्याने फोनवर हिशेब केला. न्यू जर्सीतलं सर्वांत उंच ठिकाण हाय पॉइंट, १,८०३ फूट. म्हणजे ५५० मीटर. पुणं ५६०. "अगं, हे शिखर आपल्या पेठेतल्या ओट्यापेक्षा खाली आहे!"

मी चिपळूणची. आमच्याकडे उंची मोजतात ती पुराच्या पाण्याची, कितव्या पायरीपर्यंत आलं ते बघून. मी कशाला बोलतेय?

सुरुवात डेलावेअर नदीवरच्या पुलावर. हा ट्रेल चक्क इंटरस्टेट ८० च्या पुलावरून नदी ओलांडतो. पलीकडे पेनसिल्व्हेनिया, अलीकडे आपण, आणि शेजारून ट्रक गेला की पायाखालचा पूल थरथरतो. निसर्गाच्या सान्निध्यात जायची ही वाट. पुढे झाडांवर पांढरे पट्टे दिसायला लागतात, दोन इंच रुंद नि सहा इंच लांब. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आलं समजायचं. आम्हाला हे तिसरं वळण चुकल्यावर समजलं.

पहिला दीड तास नवरा सिंहगडाच्या गोष्टी सांगत होता. मग वाक्यं तोकडी झाली. सनफिश पाँडच्या काठाशी पोचलो तेव्हा तो फक्त "हं" म्हणत होता. हिमयुगातल्या हिमनदीने कोरलेलं सुंदर तळं आहे ते, पण काठाने पाऊल टाकायला सपाट जागा म्हणाल तर नाही. किटाटिनीच्या या डोंगररांगेतले दगड नुसते पडलेले नसतात, धार वर करून पेरलेले असतात. समुद्रसपाटीपासूनची उंची तळपायांना कळत नाही, हे ओट्याचा हिशेब करणाऱ्याला मी तिथेच सांगणार होते. पण मलाही धाप लागली होती.

संध्याकाळी घरी आलो की गोचीड शोधायचा कार्यक्रम. इथल्या गोचिडांमुळे लाइमचा आजार होतो, म्हणून कानामागे, गुडघ्यामागे, केसांत, सगळीकडे बघावं लागतं. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. शेवटी सापडला तो तीळ निघाला, लग्नाआधीपासूनचा.

अस्वल भेटलं तिसऱ्या शनिवारी. काळं, गुबगुबीत, वाटेच्या मधोमध. पळायचं नाही आणि शांतपणे बोलत मागे सरकायचं, हे पाठ होतं. नवऱ्याने ऑफिसातल्या आवाजात "हॅलो, एक्स्क्यूज मी" सुरू केलं. अस्वल बसलंच. जणू मीटिंगला आलंय. माझ्या पिशवीत धपाटे आणि लसणाची चटणी, आणि त्याचं नाक नेमकं माझ्या दिशेला. माझ्या तोंडून आपोआप "हड्!" निघालं, अंगणात शिरलेल्या गुराला म्हणतात तसं. ते उठलं आणि झाडीत गेलं.

पण अस्वल परवडलं. खरा छळ दोन गाड्यांचा. ट्रेल गोल फिरून परत येत नाही, म्हणून एक गाडी शेवटच्या टोकाला ठेवायची, दुसरीने सुरुवातीला यायचं आणि चालायचं. कल्व्हर्स गॅप ते हाय पॉइंटजवळचा रूट २३, साधारण चौदा मैल. सनराइज माउंटनवर दगडी मंडपात बसून धपाटे खाल्ले, दरी पाहिली, नवऱ्याने दिवसभरात एकदाही सिंहगड काढला नाही. संध्याकाळी लंगडत माझ्या गाडीपाशी आलो. किल्ली नव्हती. किल्ली त्याच्या गाडीत होती, कपहोल्डरमध्ये, चौदा मैल मागे. "सुरक्षित राहावी म्हणून ठेवली," तो म्हणाला. जवळ कुठे उबर येत नव्हती. शेवटी कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजोबांनी आम्हाला पिकअपमध्ये घेतलं. वाटेत कुत्रा माझ्या मांडीवर होता आणि नवरा मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होता.

पोचकच्या दलदलीवरचा मैलभर लाकडी पूल तेवढा सुखाचा. पण तो संपला की गायींचं कुरण आणि मग वावायांडा डोंगराची दगडी चढण. तिला लोक 'स्टेअरवे टू हेवन' म्हणतात. स्लिपर घातलेली पोरं आम्हाला ओलांडून गेली. स्वर्ग असा टप्प्याटप्प्याने दम लागत मिळत असेल, तर वटसावित्रीचा फेरविचार करायला हवा.

शेवटच्या शनिवारी राज्याच्या हद्दीवर पोचलो. खडकावर पांढरी रेघ रंगवलेली, एका बाजूला न्यू जर्सी, दुसरीकडे न्यूयॉर्क. नवऱ्याने एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. हद्दीवर गाडीरस्ता नाही. खाली ग्रीनवुड लेककडे आणखी मैलभर उतरावं लागतं. तो दोन पावलं उतरला, थांबला, एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग पाठपिशवी खडकावर उपडी केली.

किल्ली त्या पिकअपच्या दिवसापासून माझ्या गळ्यात होती, मंगळसूत्राशेजारी. मी निवांत बाटली काढली आणि पाणी प्यायले.