‘सहल’ या शब्दाविषयी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) कॉलेज गटाने नाताळानंतर मेळघाटात घालविलेल्या चार दिवसांविषयी मी गेल्या आठवड्यात लिहिले होते. त्या लेखाखाली ‘एक जुना वाचक’ अशी सही करून एका गृहस्थांनी दीर्घ प्रतिक्रिया लिहिली आहे. तिचे उत्तर तेथेच चार ओळींत द्यावे असे आधी ठरविले होते, परंतु चार ओळींत ते मावेना, आणि तीन दिवस थांबूनही राग ओसरला नाही, तेव्हा स्वतंत्रच लिहीत आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९ मुलेमुली आणि आम्ही तीन मोठी माणसे २७ डिसेंबरला परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहच्या पुढील एका कोरकू गावी गेलो, तीन रात्री शाळेच्या खोल्यांत झोपलो आणि ३० तारखेला परत आलो. मुलांनी अंगणवाडीच्या भिंतीवर अक्षरे व चित्रे रंगविली, हातपंपाभोवतीचा चिखल उपसून तेथे दगड बसविले, लहान मुलांचे खेळ घेतले आणि रात्री शेकोटीपाशी नाताळची गाणी म्हटली.

यावर, जुने वाचक महाशय, आपले म्हणणे असे आहे: गावातील निम्मी कर्ती माणसे त्या दिवसांत कामासाठी खाली उतरलेली होती, अंगणवाडीत येणारी मुले कोरकू बोलतात, मग भिंतीवरची मराठी बाराखडी कोणासाठी, गावाने हे काम मागितले होते काय, जाण्यायेण्याचा खर्च आरोग्य उपकेंद्राला औषधांसाठी दिला असता तर काय बिघडले असते, पावसाळ्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा आपण जाणार काय, आणि या सर्वांवर कळस म्हणून हे वाक्य: ‘तीन रात्रींच्या मुक्कामाला सेवा म्हणू नका, ती सहल आहे, आणि सहलीला सहल म्हणण्यात लाज कसली?’

आपल्या प्रतिक्रियेची सुरुवात ‘बाई, वाईट वाटून घेऊ नका’ अशी आहे. ३५ वर्षे प्राथमिक शाळांत शिकविल्यानंतर मला एवढे कळते की, समोरच्याला वाईट वाटावे अशी ज्याची इच्छा असते तोच हे वाक्य आधी लिहितो. पुढे ‘आपला उत्साह वाखाणण्याजोगा आहे’ असेही आपण म्हटले आहे. हा शेरा मी स्वतः कच्च्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात लिहीत असे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मतभेद असावा, त्याला माझी ना नाही. परंतु त्या १९ जणांनी आपली प्रतिक्रिया वाचली, ती मोबाइलवर एकमेकांना पाठविली, आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी शुक्रवारच्या बैठकीत सर्वांसमोर म्हणाली, ‘मॅडम, आपण खरंच पिकनिकला गेलो होतो का?’ थंडीत गारठलेल्या हातांनी दगड उचलणाऱ्या मुलीच्या मनात हा प्रश्न उभा करून आपण काय साधले, हे मला अद्याप समजलेले नाही.

एक चूक मी मोकळ्या मनाने मान्य करते. एका छायाचित्राखाली मी ‘गोंड आजी आणि नात’ असे लिहिले होते. त्या दोघी कोरकू आहेत. ही चूक किरकोळ नाही, कारण गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा आहे आणि कोरकू मुंडा कुळातली. मेळघाटातून वाहणाऱ्या सिपना नदीचे नाव कोरकूतल्या सागाच्या नावावरून आले आहे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे. मेळघाटातल्याच धारणी तालुक्यात सहा वर्षे काढलेल्या बाईच्या हातून असे व्हायला नको होते. ओळ घाईत लिहिली गेली. ती दुरुस्त केली आहे आणि आपल्या बारीक नजरेबद्दल आभारी आहे. त्या मुलीचे छायाचित्र काढताना तिच्या आईला विचारले होते काय, असेही आपण विचारले आहे. आई त्या वेळी कापूस वेचायला खाली गेलेली होती, म्हणून आजीला विचारले. आजी हसली होती.

आता ‘सहल’. या शब्दाचा मला तिटकारा नाही. शाळेच्या सहली मी कितीतरी नेल्या आहेत, आणि घाटाच्या वळणावळणाला उलट्या करणाऱ्या मुलांना एसटीच्या खिडकीशी धरून बसणे म्हणजे काय असते, हे मला आपल्यापेक्षा कमी ठाऊक नसावे. सहलीत मुलांना काहीतरी दाखवून घरी सुखरूप आणायचे असते. येथे मुले पहाटे उठून पाणी भरत होती, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत होती, आणि चौथ्या दिवशी निघताना त्यांच्यापैकी दोघांना ताप होता. याला सहल म्हणायचे तर आमच्याकडे कापूस वेचणीलाही सहल म्हणावे लागेल.

आणि सेवा जर रात्री मोजूनच ठरायची असेल, तर आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे काय करायचे? दिवसा खराटा हातात घेऊन गाव झाडायचे, रात्री त्याच गावाला कीर्तनात खडसवायचे आणि मग पुढच्या गावाची वाट धरायची, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी कोणत्या गावात किती रात्री काढल्या, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. (तुलना माणसांची नाही, मुदतीची आहे. हे कंसात लिहिण्याचे कारण एवढेच की आपली पुढची प्रतिक्रिया मला आताच दिसू लागली आहे.)

आमच्या बाजूचे उदाहरण हवे असेल तर स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे घ्या. १८४५ मध्ये ते नागपुरास आले, मराठी शिकले, गोंडांची गाणी व परंपरा त्यांनी टिपून ठेवल्या, या प्रदेशातल्या खडकांचा अभ्यास केला, आणि १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे (गोलाकार रचलेले दगड) पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्या दिवशी ते उपदेशाला गेले नव्हते, दगड पाहायला गेले होते. आपल्या मोजपट्टीने त्यांचा शेवटचा दिवस सहलीतच जमा होईल, आणि तरीही १८८३ मध्ये नागपुरात निघालेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिले गेले. त्या दिवसामागे १८ वर्षांचा मुक्काम होता, हे मला मान्य आहे, आणि त्यामुळे हे उदाहरण थोडे लंगडते हेही मला दिसते. परंतु त्या १८ वर्षांनाही कोठेतरी पहिले तीन दिवस असतीलच.

तिसरे उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि पुढे १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका प्रवासात एवढे घडले, मग चार दिवसांत काहीच घडत नाही असे कसे म्हणावे? हा परिच्छेद मी घरी वाचून दाखविला तेव्हा माझ्या मुलाने तो काढून टाकायला सांगितले, कारण त्यातून आमची मुले धर्मांतर घडवायला गेली होती असा अर्थ कोणीही काढील. मी तो ठेवला आहे आणि खुलासाही येथेच करते.

सरपंच आणि पोलीस पाटील यांना आम्ही आधी भेटलो होतो. एकही पुस्तिका वाटली नाही. १९ पैकी चार मुले ख्रिस्ती नव्हती. ती शुक्रवारच्या बैठकीला मित्रांबरोबर येतात म्हणून आली होती. शेकोटीपाशी जी गाणी झाली ती गावातल्या पोरांनी ‘तुमचं म्हणा’ असा आग्रह धरल्यावर झाली, आणि नंतर त्यांनी त्यांचे म्हटले. घटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टेनिस्लॉस खटल्यात म्हटले आहे. हे दोन्ही मी मुलांना निघण्याच्या आदल्या शुक्रवारी फळ्यावर लिहून समजावले होते. आमच्या भागात ही सावधगिरी कोणी शिकवावी लागत नाही. विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती नियोगी यांची समिती नेमली गेली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. माझी आई मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होती. त्या अहवालाचा विषय निघाला की कितीतरी वर्षांनंतरही ती आधी दार लोटून घेत असे.

माझ्या स्वतःच्या गोष्टीवाचून आपले समाधान होणार नाही, म्हणून तीही सांगते. १९८७ मध्ये मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमचा असाच गट मेळघाटात गेला होता. मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत कोळशाच्या इंजिनाची शकुंतला, तेथून एसटी आणि पुढे पायी. मुक्काम तीन रात्रींचाच होता. दुसऱ्या रात्री एका अडलेल्या बाईला बाजेवर घालून चौघे जण रस्त्यापर्यंत घेऊन निघाले, तेव्हा मी पुढे कंदील धरून चालले होते. मी एवढेच केले. वाटेत कोणी बोलत नव्हते, फक्त ती बाई मधून मधून कोणाला तरी हाक मारीत होती आणि ती हाक मला समजत नव्हती. पुढे १९९६ मध्ये जिल्हा परिषदेने माझी बदली धारणी तालुक्यात केली, तेव्हा ती रद्द करून घेण्यासाठी मी कोणाच्याही पायऱ्या झिजविल्या नाहीत, आणि त्याचे कारण तो कंदील होता. सहा वर्षे मी तेथे राहिले, आणि ती हाक आईला होती हे पहिल्याच वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांकडून कळले. त्या तीन रात्रींना आपण सहल म्हणणार असाल तर खुशाल म्हणा, पण माझ्यासमोर म्हणू नका.

मेळघाटची बदली आली की कोणाचा रक्तदाब वाढतो, कोणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळतात, आणि अर्जाला वैद्यकीय प्रमाणपत्रे जोडली जातात, हे मी जवळून पाहिले आहे. आपल्या लिखाणात ‘सबब’ आणि ‘निदर्शनास आणून देतो’ हे शब्द ज्या सहजतेने आले आहेत, त्यावरून आपणही आमच्याच खात्यातले असावेत असा माझा अंदाज आहे. आपल्या सेवापुस्तकात मेळघाटची किती वर्षे आहेत, हे विचारणे सभ्यपणाचे नाही. तरी विचारते.

उरलेल्या मुद्द्यांना फार जागा देण्याची आवश्यकता मला वाटत नाही. गट वर्षभर काय करतो ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून आपण फक्त मेळघाटाविषयी लिहिले. दर शुक्रवारी संध्याकाळी बायबल अभ्यास होतो, वसतिगृहातली मुले रविवारी उपासनेनंतर आमच्या घरांतून जेवतात, परीक्षेच्या दिवसांत मंडळीचा हॉल रात्री अकरापर्यंत अभ्यासासाठी उघडा असतो, आणि उन्हाळ्यात, जेव्हा रक्ताचा तुटवडा असतो, तेव्हा ही मुले रक्तदान करतात. खर्चाविषयी म्हणाल तर तो हंगामाच्या उपासनेत आलेल्या धान्याच्या व भाज्यांच्या लिलावातून झाला. एक कोहळे तीन वेळा विकले गेले, कारण घेणारा ते पुन्हा लिलावात देत होता. लोकांनी पैसे मुलांच्या या कामासाठी दिले होते, ते दुसरीकडे वळविण्याचा अधिकार मला नाही, आणि उपकेंद्राला औषधे पुरविणे हे शासनाचे काम आहे. बाराखडीचा मुद्दा शिक्षणशास्त्राचा आहे, त्यावर येथे विस्तार नको. गावाने काम मागितले होते काय, या प्रश्नाचे उत्तर सरपंचांनी होकार दिला होता हेच आहे. गावात माणसे कमी होती हे खरे. परंतु कॉलेजला सुटी तेव्हाच असते आणि ती मला बदलता येत नाही. पावसाळ्याविषयी तूर्त काही सांगता येत नाही. जूनपासून प्रवेश सुरू होतात, मुलींच्या घरून परवानगी मिळणे कठीण असते, आणि ओढे भरले की मुक्काम किती लांबेल याचा नेम नसतो.

आपली पुढची प्रतिक्रिया नावासह आली तर मी ती एक अक्षरही न गाळता प्रसिद्ध करीन. नावाशिवाय आली तर वाचीन आणि ठेवून देईन. आमची बैठक शुक्रवारी साडेसहाला मंडळीच्या मागच्या हॉलमध्ये असते. त्या नर्सिंगच्या मुलीला मी अद्याप उत्तर दिलेले नाही. आपण आलात तर तिच्या प्रश्नाचे उत्तर आपणच द्या, मी मागच्या बाकावर बसून ऐकेन.