ती जाळी कोरलेली नाही

पोर्सेलीनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या, नर्तिकेच्या मूर्तीवरच्या एका लेखात तिच्या झग्याची जाळी सुईने कोरल्याचं म्हटलंय. तसं नसतं. खरी सुती लेस पोर्सेलीनच्या स्लिपमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या साईइतक्या दाट मातीत, बुडवतात, जादा माती निथळू देतात आणि ओली असतानाच कुंचल्याच्या टोकाने चुण्या घालत मूर्तीवर बसवतात. भट्टीत धागा जळून जातो, उरते ती त्याभोवतीची माती. म्हणजे प्रत्येक दोरा आतून पोकळ! म्हणून लेस सुतीच हवी. नायलॉन स्लिप शोषत नाही, वर वितळतं. स्लिप फार दाट झाली तर भोकं बुजतात, फार पातळ झाली तर धागा जळताच जाळी कोसळते.

मूर्तीही एका साच्यातली नसते. डोकं, हात, धड वेगळे ओतून स्लिपनेच जोडतात. पोकळ भागाला हवेसाठी छिद्र ठेवावं लागतं, नाहीतर तो भट्टीत फुटतो. कडक पोर्सेलीन (जास्त तापमानाला भाजायचा प्रकार) सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजताना साधारण सहाव्या हिश्शाने आकसतं आणि मऊही पडतं. उचललेल्या हाताला म्हणून त्याच मातीचा टेकू देतात, तो मूर्तीबरोबरच आकसतो.

झिलईवरचे रंग नंतर भाजतात, ८०० अंशांच्या आसपास.

संग्रहालयातली मूर्ती हाताला किंवा झग्याला धरून कधीच उचलू नये. एक तळहात बैठकीखाली, दुसरा धडाला. धूळ मऊ कुंचल्याने. जाळीवर कापड फिरवलंत तर दोरा अडकून तुटणारच. जुनी डागडुजी अतिनील दिव्याखाली बहुधा वेगळी चमकते, मनगट आणि बोटं आधी तपासा.