‘कधी चेन धुतली आहे का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या मागच्या लेखाचं म्हणणं साधं होतं. महागडी रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगात चालवायची हलकी सायकल, घ्यायची असेल तर ती हिवाळ्यातही चालवायची आहे हे धरूनच निवडावी. बर्फ पडायला लागला म्हणून ती महिनोन्महिने भिंतीला टांगून ठेवू नये. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: “मिठाच्या (बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या) रस्त्यावर कार्बनची (कार्बन फायबरच्या फ्रेमची) सायकल काढायला सांगणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. थंडीत कार्बन ठिसूळ होतो, बॅटरी मरते, एका हिवाळ्यात चेन आणि कॅसेटची (मागच्या दातेरी चकत्यांची) वाट लागते. हिवाळ्यासाठी जुनी सायकल वेगळी ठेवावी हे शाळकरी पोरालाही कळतं. लेखकाने स्वतःच्या हाताने कधी चेन तरी धुतली आहे का, की नुसते कॅटलॉग वाचून लिहितो?”

शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देतो. बाकीचे मुद्दे मतभेदाचे आहेत, हे वाक्य माझ्या सचोटीवर आहे.

कॉलेजात असताना मी संध्याकाळी सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचो. सुरुवातीला माझ्याकडे फक्त धुण्याचं काम होतं. हब उघडायचा, छर्रे रॉकेलात टाकायचे, जुनं ग्रीस चिंधीने पुसून काढायचं, छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनवर खड्डे पडलेत का ते नखाने चाचपायचं. चेन तर इतक्या धुतल्या की पाणी कितपत काळं झालं यावरून सायकल कुठल्या रस्त्यावर फिरते ते सांगता यायचं. पाना हातात मिळायला बराच काळ गेला. पुढे नोकरीमुळे थंड मुलुखात राहायला आलो आणि तेव्हापासून हिवाळ्यात कामाला सायकलनेच जातो. ती सायकल मी स्वतः धुतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण लेख सायकलीबद्दल होता. पण तुम्ही विचारलंत, तेही चारचौघांत, म्हणून चारचौघांतच सांगतो.

आणि धुण्याचा विषय तुम्हीच काढलात, तर तो नीट होऊ द्या. रस्त्यावर टाकतात ते मीठ सगळीकडे सारखं नसतं. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, उणे दहाच्या आसपास फारसं काम करेनासं होतं. त्याहून कडक थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे दोन्ही क्षार हवेतली ओल ओढून घेतात. म्हणजे तुम्ही घरी आलात, सायकल आत ठेवलीत, वरवर ती वाळल्यासारखी दिसली, तरी स्क्रूच्या खाचेत आणि चेनच्या रोलरमागे तो चिकट ओलावा तसाच बसलेला असतो आणि रात्रभर लोखंड खात असतो. म्हणून मी आल्याआल्या कोमट पाण्याची बादली घेतो आणि खालून वर धुतो. जोराचा फवारा मारत नाही, त्याने मीठ बेअरिंगच्या सीलमधून आत ढकललं जातं. मग फडक्याने पुसायचं, चेन कोरडी करायची, तेल द्यायचं, वरचं तेल पुन्हा पुसायचं. यात थकवा येतो हे खरं आहे, पण यात गूढ काही नाही.

धुऊनही जे वाचत नाही ते वेगळंच असतं, आणि माझा सगळा लेख त्याच्यावरच उभा होता. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि मधे मिठाचं पाणी शिरलं की तिथे विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते. झीज ॲल्युमिनियमची होते. त्याचं ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतं, आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, फ्रेममध्ये असा जाम होतो की करवतीशिवाय निघत नाही. दुकानात अशा सायकली यायच्या. दिसायला लखलखीत, मालकाने दर आठवड्याला पुसलेल्या, आणि आत सीटपोस्ट कायमचा बसलेला. म्हणून लेखात लिहिलं होतं की सीटपोस्टला असेंब्ली पेस्ट लावा, हिवाळ्यात महिन्यातून एकदा तो बाहेर काढून पुसा, आणि चाकं बांधून घेताना ॲल्युमिनियमऐवजी पितळेचे निपल (तारा रिमला आवळणाऱ्या छोट्या चाक्या) मागा. पितळेचे निपल काही ग्रॅमने जड असतात. कॅटलॉगला ते आवडत नाहीत.

कॅटलॉगचा आरोप मला सगळ्यात जास्त लागला, हे लपवत नाही. कॅटलॉग वाचून लिहिलं असतं तर मी वजनाबद्दल लिहिलं असतं. यूसीआयची (सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेची) शर्यतीच्या सायकलीसाठीची किमान मर्यादा ६.८ किलो आहे, आणि जाहिरातींत तो आकडा देवाच्या नावासारखा घेतात. माझ्या लेखात वजनाचा आकडा कुठेही नव्हता. होतं ते हे: बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्याचं फ्रेममधलं बेअरिंग) दाबून बसवलेला नको, आट्यांचा हवा, म्हणजे खराब झाला की घरी बदलता येतो. फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) मडगार्ड लावूनही ३० ते ३२ मिलिमीटरचा टायर फिरेल इतकी जागा हवी. मडगार्डसाठी फ्रेमवर स्क्रूची भोकं हवीत. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क हवेत, कारण रिमलाच दाबणाऱ्या रिम ब्रेकच्या पॅडमध्ये रस्त्याची रेती अडकते आणि ती दर वेळी रिम घासत जाते. ओल्या कार्बन रिमवर तर ब्रेक लागायलाच वेळ लागतो. हे कुठल्या कॅटलॉगात पहिल्या पानावर छापलेलं असतं ते मला दाखवा. तुम्ही लेख वाचला असता तर हा आरोप केला नसता. मला वाटतं तुम्ही शीर्षक आणि फोटो पाहिलात आणि लिहायला बसलात.

कार्बन ठिसूळ होतो हे मात्र मी हातावेगळं करतो. बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा भाग कार्बनसारख्या संमिश्र पदार्थांचा आहे आणि ते विमान उणे पन्नासच्या हवेत तासन्‌तास उडतं. आपण सायकल चालवू शकतो अशा कुठल्याही थंडीने फ्रेमचं काही होत नाही. कार्बनला भीती टोकदार आघाताची आणि बेताल घट्ट आवळलेल्या बोल्टची, ती उन्हाळ्यातही तितकीच.

बॅटरीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मान्य करतो. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता थंडीत खरोखर घटते. इलेक्ट्रॉनिक गिअरवाल्यांनी ती घरात आणून चार्ज करावी आणि शून्याखाली असताना मुळीच चार्ज करू नये, त्याने आत लिथियम साचून बॅटरी कायमची बिघडते. मी यावर एकच ओळ लिहिली होती, दोन लिहायला हरकत नव्हती. पण ‘बॅटरी मरते’ आणि ‘बॅटरी कमी चालते’ यांत फरक आहे, आणि तुम्ही पहिलं लिहिलंत.

थंडीने सायकल बिघडते हा तुमचा समज जिथे खरा ठरतो ती जागा तुमच्या प्रतिक्रियेत नाहीच. फ्रीहबमध्ये (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा मागच्या चाकाचा भाग) चुकीचं, जाड ग्रीस असेल तर कडाक्यात ते घट्ट होतं, आतले खटके वर उचलले जात नाहीत आणि पेडल नुसतं पुढे फिरत राहतं. चढावर उभं राहून जोर लावताना हे झालं तर माणूस थेट हँडलवर आपटतो. टायरचंही तसंच. घरात २० अंशाला ७० पीएसआय हवा भरली आणि बाहेर उणे १० असेल, तर रस्त्यावर पोचेपर्यंत ती ६१ च्या जवळ आलेली असते. शिवाय त्या थंडीत हवा २० अंशापेक्षा सुमारे ११ टक्के दाट असते, म्हणजे त्याच वेगाला हवेचा विरोध तितकाच वाढतो. हिवाळ्यात ‘सायकल जड झाली’ असं वाटतं त्याचा बराचसा हिशेब इथेच लागतो, आणि लोक उगाच चेनला दोष देतात.

‘शाळकरी पोरालाही कळतं’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या ब्लॉगवर मला कोणी खोडून काढलं तर आनंदच आहे. इथे कित्येकांनी माझ्याशी वाद घातलाय आणि एकही प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. पण या भाषेत माझ्याशी माझ्या घरचेही बोलत नाहीत. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर मी उत्तरच दिलं नसतं. देतोय, कारण नवखी माणसं हे वाचतात आणि घाबरून सायकल मार्चपर्यंत बंद करून ठेवतात.

त्यांना सांगतो: थंडीत आधी जपायचं ते स्वतःला. उणे ५ तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा अंगावर आला तर तो उणे १३ सारखा बोचतो, आणि सपाटीवर आपण स्वतःच तेवढा वारा तयार करत असतो. बेल्जियममधल्या १९८० च्या लिएज–बास्तोन–लिएज सायकल शर्यतीत हिमवर्षाव झाला. १७४ जण निघाले, २१ जण पोचले. फ्रान्सचा बर्नार इनो नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला, आणि त्याच्या दोन बोटांना झालेली इजा कायमची राहिली. सायकल धडधाकट होती. म्हणून फ्रेमची काळजी करण्याआधी हातमोजे बघा, बुटांवरची आवरणं बघा, आणि बूट इतके घट्ट घालू नका की जाड मोज्याने रक्तपुरवठाच अडेल.

चेन आणि कॅसेटची वाट लागते आणि वेगळी जुनी सायकल ठेवावी, हे तुमचे उरलेले दोन मुद्दे. चेन झिजते, तर झिजू द्या. मापकाने बघत राहा, ११ किंवा १२ गिअरची चेन ०.५ टक्के लांबली की बदला, कॅसेट वाचते. आणि ज्यांच्याकडे दुसऱ्या सायकलीला जागा आहे त्यांनी ती जरूर ठेवावी, माझी ना नाही. तो लेखाचा विषय नव्हता. एवढंच बघा की त्या जुन्या शर्यतीच्या सायकलीत बहुधा २३ किंवा २५ मिलिमीटरच्या पुढचा टायर जात नाही आणि मडगार्डला जागाच नसते. म्हणजे सगळ्यात वाईट दिवसांसाठी तुम्ही सगळ्यात गैरसोयीची सायकल राखून ठेवता.

माझ्या लेखावर खरोखर बोट ठेवता आलं असतं असा विषय आहे काळ्या बर्फाचा. दिवसा वितळलेल्या बर्फाचं पाणी पहाटे डांबरावर गोठतं, दिसत नाही, आणि गुळगुळीत रोड टायर त्यावर काहीही पकडत नाही, मग सायकल कितीही महागडी असो. अशा सकाळी टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवलेले टायरच हवेत. ते ३० मिलिमीटर रुंदीतही मिळतात, फोर्कमध्ये जागा असली तर. जड असतात, कोरड्या डांबरावर आवाज करतात, पण वळणावर सरळ ठेवतात. तुम्ही त्याबद्दल विचारलं असतंत तर मी पानभर लिहिलं असतं.