फुकट दिलं की किंमत राहत नाही म्हणे

परवा फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आला. तुमच्याकडेही आला असेलच, लाडकी बहीणचे १५०० रुपये सुरू झाल्यापासून तर दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी टाकतंच. मजकूर थोडक्यात असा की फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते, आफ्रिकेत मच्छरदाण्या फुकट वाटल्या तर लोकांनी त्यात मासे पकडले. एकदा फुकटची सवय लागली की माणूस पुन्हा खिशात हात घालत नाही. गरिबाच्या हातात रोख पैसे दिले की ते गुत्त्यावर जातात, आणि बसून मिळतंय म्हटल्यावर काम कोण करतो. म्हणून मासा देऊ नका, मासे पकडायला शिकवा, कर्ज द्या, उद्योजक घडवा. खाली हात जोडलेले, 'पटलं तर पुढे पाठवा'.

काकांनी टाकलेला म्हणून ग्रुपवर गप्प बसलो, पण पोटात दुखतंय म्हणून इथे लिहितो. यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यावर कुणीतरी आधीच चिठ्ठ्या टाकून, गावंच्या गावं दोन गटांत वाटून प्रयोग करून बघितलाय. म्हणजे 'तुझं मत तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी' असा हा मामलाच नाही. (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच प्रकारच्या कामाला मिळालं, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर या तिघांना. अभिजित जन्मले मुंबईत, आई मूळची पाटणकर, मधलं नाव विनायक. तेव्हा ग्रुपवर 'आपला मराठी माणूस' म्हणून पेढ्यांचे फोटो टाकणारे हेच काका होते.)

आधी मच्छरदाणी, कारण मेसेजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

२००७ साली पश्चिम केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्युपा या दोघींनी गरोदर बायकांच्या तपासणीचे दवाखाने निवडले आणि सोडत काढून भाव ठरवले, कुठे औषध लावलेली मच्छरदाणी फुकट, कुठे १० शिलिंग, कुठे २०, कुठे ४०. चाळीस शिलिंग म्हणजे तेव्हाचे आपले पंचवीसेक रुपये धरा, आणि त्या भावालाही नव्वद टक्के सबसिडी होतीच, म्हणजे नाममात्र. फुकट होती तिथे जवळजवळ सगळ्या बायका घेऊन गेल्या. ४० शिलिंग लावले तिथे शंभरातल्या साठेक गळाल्या. पंचवीस रुपयांसाठी!

मग खरा प्रश्न, नेली तर नेली पण वापरली का. मी दोन वर्षं एका संस्थेसाठी दारोदार सर्व्हे केलेत, त्यात पहिल्याच आठवड्यात शिकलो की 'वापरता का' असं कधी विचारायचं नाही. 'हो तर, रोज वापरतो' हेच उत्तर येतं, संडास असो की वॉटर फिल्टर. विचारायचं 'जरा दाखवता का', आणि मग घरातला माणूस फिल्टर शोधायला माळ्यावर चढतो. केनियातल्या लोकांनीही तेच केलं, न सांगता घरी जाऊन मच्छरदाणी टांगलीय का ते बघितलं. पैसे मोजून आणलेल्यांपैकी जेवढ्या टक्के घरांत टांगलेली, साधारण तेवढ्याच टक्के फुकटवाल्यांच्या घरांत. काही जणींना तर आधी पैसे द्यायला तयार झाल्यावर ऐनवेळी लॉटरीत फुकट मिळालं, त्यांनीही वापरण्यात काही फरक केला नाही.

'ज्याला खरी गरज तोच पैसे मोजेल' असंही म्हणतात ना, तर त्यांनी बायकांचं हिमोग्लोबिनही तपासलं, मलेरियाने ते घसरतं म्हणून. पैसे देऊन नेणाऱ्या काही जास्त आजारी निघाल्या नाहीत. पैसे तिनेच दिले जिच्याकडे त्या दिवशी होते, मला तरी यात आश्चर्य वाटलं नाही.

अशीच गोष्ट केनियातल्याच बुसिया जिल्ह्यातल्या शाळांत जंताच्या गोळ्यांची. फुकट होत्या तेव्हा शंभरातली पंचाहत्तर पोरं घेत होती, आईबापांकडून थोडीशी फी घ्यायला लागल्यावर वीसच्याही आत आली. आणि जंत एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जातात, त्यामुळे एकाने गोळी घेतली की शेजारच्याचाही फायदा, पण शेजारचा काही त्याचे पैसे भरत नाही. आपल्याकडे पोलिओचे थेंब कुणी दोन रुपयाला विकले असते तर? २०११ च्या जानेवारीत हावड्यात शेवटची केस सापडली आणि २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, सगळं फुकटात. मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या घरातल्या पोराच्या करंगळीला ती शाई लागलेली आहे.

आता मासे पकडण्याबद्दल. ते खोटं नाही, उगाच नाकारणार नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरच्या कोळी वस्त्यांमध्ये लोकांनी मच्छरदाण्या मासे पकडायला आणि सुकवायला वापरल्या, त्यावर २००८ मध्ये पेपरही आलाय. पण ती कोळ्यांची वस्ती आहे हो! तिथे जाळं हे भाकरीचं साधन आहे, घरात आणखी एक जाळी आली तर ती कुठे जाणार. तेवढ्यावरून आख्ख्या आफ्रिकेचा निकाल लावायचा झाला तर आमच्या ताईने चाळीस हजाराची ट्रेडमिल घेतलीय, स्वतःच्या पैशाने, हप्त्यावर नाही रोख, तिच्यावर गेली तीन वर्षं ओले टॉवेल वाळतायत. पैसे मोजले की माणूस वापरतो हा नियम तिला कुणीतरी समजावून सांगा.

'एकदा फुकट दिलं की पुढे कुणी विकत घेत नाही.' हे ऐकायला सगळ्यात पटणारं वाक्य आहे, मलाही आधी पटायचं. द्युपाबाईंनी ते वेगळं तपासलं. वेगवेगळ्या घरांना पहिली मच्छरदाणी वेगवेगळ्या भावात, काहींना फुकट, आणि साधारण वर्षभराने सगळ्यांना दुसरी एकाच भावाने देऊ केली. मेसेजप्रमाणे फुकटवाल्यांनी तोंड फिरवायला हवं होतं. उलट ज्यांना पहिली स्वस्तात किंवा फुकट मिळाली तेच दुसरी विकत घ्यायला जास्त तयार झाले, कारण वापरून बघितलेली, फायदा कळलेला. पटण्यासारखंच आहे की, लोणच्याच्या स्टॉलवर बाई चमच्यावर फुकट चव देते ती काय तिला धंदा कळत नाही म्हणून?

दारू. इथे काका हमखास स्वतःच्या बिल्डिंगच्या वॉचमनचं उदाहरण देतात. डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी २०१७ मध्ये १९ अभ्यास एकत्र मांडले, लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशिया, जिथे जिथे गरीब घरांना रोख रक्कम देऊन दारू-तंबाखूचा खर्च मोजला होता. सरासरीने तो खर्च वाढला नाही, थोडा कमीच झालेला दिसतो. आता कुणी म्हणेल की दारूचं खरं कोण सांगतंय, बरोबर आहे, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पण खोटं बोलायचं तर पैसे न मिळालेलाही तेवढंच बोलणार, तुलना त्या दोघांचीच आहे. आणि काही गोष्टी लपत नाहीत. केनियातच रारिएडा भागात लोकांच्या मोबाइलवर एम-पेसाने (तिकडची मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) थेट पैसे टाकले, कुणाला दर महिन्याला, कुणाला एकरकमी, आणि नंतर बघायला गेले तर गवताच्या छपरांच्या जागी पत्रे आले होते. छपरावरचा पत्रा सर्व्हेवाल्याशी खोटं बोलत नाही. गवत दर एक-दोन वर्षांनी बदलायचा खर्च वाचला तो वेगळाच.

आळशी होतात, हे पटकन उरकतो. मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, इंडोनेशिया, फिलिपिन्स, मोरोक्को अशा सहा देशांतल्या सरकारी योजनांच्या सात प्रयोगांचे आकडे बॅनर्जी आणि मंडळींनी परत तपासले, लोकांनी काम कमी केल्याचा पुरावा सापडला नाही. विषय संपला. दीड हजारात घर चालतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा किराणा भरून बघावा.

लसीकरणाचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे फुकट देऊनही लोक येत नव्हते आणि मेसेजवाले म्हणतील बघा, किंमत नाही. उदयपूरच्या खेड्यांत लस फुकटच होती, तरी पूर्ण लसीकरण झालेली पोरं शंभरात सहा. का? एक तर त्याच भागात आधी केलेल्या पाहणीत उपकेंद्रांना कामाच्या वेळेत अर्ध्याहून जास्त वेळा कुलूप सापडलं होतं. कडेवर पोर, उन्हातून चालत जायचं, दिवसाचा रोज बुडवायचा आणि पोचल्यावर कुलूप बघून परत यायचं, याला फुकट म्हणतात का? सेवा मंदिर संस्थेने मग गावातच ठरलेल्या दिवशी, न चुकता कॅम्प लावले. सहाचे अठरा झाले. आणि जिथे प्रत्येक डोसला एक किलो डाळ आणि शेवटी थाळ्यांचा सेट ठेवला तिथे एकोणचाळीस. लोक म्हणाले ही लाच झाली. पण हिशोब केला तर डाळ देऊनही दर मुलामागे खर्च कमी आला, कारण नर्स तर तिथे दिवसभर बसलेलीच होती, पाच पोरं आली काय नि पंधरा आली काय, तिचा पगार तोच.

आता 'कर्ज द्या, उद्योजक घडवा.' यावर जरा थांबतो.

बांगलादेशचे मोहम्मद युनूस आणि गरिबांना छोटी कर्जं देणारी त्यांची ग्रामीण बँक यांना २००६ चं शांततेचं नोबेल मिळालं आणि छोटं कर्ज म्हणजे गरिबीवरचा रामबाण अशी हवा झाली. हैदराबादमध्ये १०४ वस्त्या निवडून निम्म्या, म्हणजे ५२ वस्त्यांत स्पंदना नावाच्या कंपनीने आधी कर्ज सुरू केलं. बायकांचे गट, पहिलं कर्ज साधारण १०,००० रुपये, पन्नास आठवड्यांत फेडायचं. दोन्हीकडच्या वस्त्यांची तुलना केली तेव्हा ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांनी तो थोडा वाढवला, टिकाऊ वस्तू घेतल्या, ठीक. पण घराचा एकूण खर्च, मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरात बाईच्या शब्दाला असलेलं वजन, यात सरासरीने ठळक फरक नाही. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को इथले अभ्यासही २०१५ मध्ये याच्याबरोबरच छापून आले, सूर तोच. कर्जाने कुणी देशोधडीला लागलं असंही नाही आणि कुणाचं आयुष्य पालटलं असंही नाही.

सर्व्हे करताना एका बाईंच्या कार्डावर लिहिलेलं होतं 'पापड उद्योग'. मी विचारलं पापड कुठे सुकवता, गच्चीवर का? त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, 'अहो ते साहेबांनीच लिहिलं, पोराच्या फीला घेतलंय असं लिहिलं तर लोन मिळत नाही.' हप्ता दर मंगळवारी, गटातली एक चुकली तर बाकीच्यांनी भरायचा, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी गल्लीत उसनवारीची धावपळ. या बाईंना उद्योजक घडवायचंय म्हणे. त्यांना मुलाची फी भरायचीय, आणि नोकरी मिळाली तर त्या उद्या पापडाचं नावही काढणार नाहीत.

शिवाय पुढच्याच आठवड्यात पहिला हप्ता असेल तर जो धंदा उभा राहायला वेळ लागतो तो कोण करेल? कोलकात्यात एका प्रयोगात काही बायकांना पहिल्या हप्त्याला दोन महिन्यांची सवलत दिली, तर त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले, नफाही वाढला. बुडवणारेही वाढले, हे पण सांगितलं पाहिजे. जोखीम घेतली की काही बुडणारच, मोठ्या कंपन्यांचं नाही का बुडत, त्यांना आपण राइट-ऑफ म्हणतो.

मग फुकट दिलेलं सगळंच चालतं का? अजिबात नाही, आणि इथे मेसेजवाल्यांना एक मार्क द्यायला मी तयार आहे. केनियात शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट वाटली, सरासरी निकाल हलला नाही, फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या पोरांना. पण कारण काय, तर पुस्तकं इंग्रजीत, जी तिथल्या बहुतेक पोरांची तिसरी भाषा. त्या पुस्तकाला पन्नास शिलिंग लावले असते म्हणून काय ते वाचता आलं असतं? याउलट मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' या संस्थेने बालसखी म्हणून वस्तीतल्याच मुली नेमल्या, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पोरं रोज दोन तास वेगळी बसवून त्यांना जिथून येत नव्हतं तिथून शिकवलं, आणि मार्क वाढले. तेही पोरांना फुकटच होतं. म्हणजे वस्तूला किंमत लावली की नाही यावर अडत नाही, ती वस्तू त्या माणसाच्या कामाची आहे का यावर अडतं. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळी उदाहरणं.

राहता राहिला मासा. मासे पकडायला शिकवा, जरूर शिकवा, पण शिकेपर्यंत त्याने खायचं काय आणि जाळं कुणाचं वापरायचं? बांगलादेशच्या ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अगदी तळातल्या घरांसाठी जी योजना काढली त्यात हाच हिशोब होता, शेळ्या किंवा गाय फुकट, काही महिने जेवणापुरते पैसे, शेळी सांभाळायचं शिक्षण आणि दर आठवड्याला कुणीतरी घरी येऊन विचारपूस. भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, होंडुरास, पेरू अशा सहा देशांत साधारण साडेदहा हजार घरांवर ही तपासली, मदत थांबून वर्ष झाल्यावरही ती घरं जास्त खात होती, जास्त कमावत होती. पश्चिम बंगालमध्ये बंधन या संस्थेने केलेल्या प्रयोगातली घरं तर दहा वर्षांनी परत गाठली, तरी फरक टिकलेला.

ही योजना महाग आहे, दर आठवड्याला माणूस पाठवायचा खर्च शेळीपेक्षाही जास्त होऊ शकतो. आणि लाडकी बहीणचे पैसे याच कामी लावायला हवे होते का, तिजोरीला ते झेपतंय का, निवडणुकीआधीच का आठवलं, हे सगळं विचारा, त्यावर मीही तुमच्याबरोबर भांडेन. ते काकांना फोनवर सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, 'तू ते मच्छरदाणीचं जरा छोटं करून पाठव, एवढं कोण वाचतंय.'