लोक वस्तू देत नाहीत हे पटलं नाही

ई-कचऱ्यावरच्या लेखात टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांचं उदाहरण देऊन म्हटलंय की जपानी लोकांनी जुने फोन दिले आणि त्यातून काढलेल्या सोन्याची पदकं झाली, आपल्याकडे लोक देतच नाहीत म्हणून सोनं वाया जातं. अहो, देतात की! माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, जळलेला मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) कधी कचऱ्यात जात नाही, भंगारवाला रोख पैसे देऊन नेतो आणि रॅम, जुने प्रोसेसर यांना वेगळा भाव देतो कारण त्यावर सोन्याचा मुलामा असतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. खरा प्रश्न तो माल पुढे कुठे जातो हा आहे. दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला बोर्ड उघड्यावर जाळतात, अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, सुटेल तेवढं सोनं-तांबं काढतात, उरलेलं अ‍ॅसिड नाल्यात आणि धूर तिथे काम करणाऱ्या बायकापोरांच्या छातीत. याबद्दल लेखात एक ओळ नाही याचं फार वाईट वाटलं.

जपानने 2017 ते 2019 मध्ये 62 लाखांवर फोन आणि हजारो टन इतर उपकरणं गोळा करून 32 किलो सोनं काढलं, पण तो माल रीतसर रिफायनरीत गेला म्हणून. आपल्याकडे 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत रिसायकलरला सर्टिफिकेट (जे उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना विकून तो पैसे मिळवतो) मिळतं ते सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या चारच धातूंचं, मग चांदी, पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू काढायला मशिनरीत पैसे कोण घालणार? आणि भंगारवाल्याला बाजूला सारून काही होणार नाही, त्याला अधिकृत रिसायकलरकडून रोख आणि तेवढाच भाव मिळाला पाहिजे, मग तो माल आपणहून तिकडे नेईल.