आमच्या आईला त्यागमूर्ती म्हणू नका

सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो पडला. रविवारी आईचं वर्षश्राद्ध आहे, म्हणून एका नातेवाइकांनी हौसेने बनवलाय. भोवती झेंडूची माळ, खाली पणती आणि ओळ काय, तर 'आयुष्यभर कष्ट उपसले, पण तोंडातून कधी तक्रारीचा शब्द नाही'. त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग. डोकंच फिरलं.

कोण तक्रार करत नव्हतं? आमची आई? ठाण्यात किसननगरच्या आमच्या जुन्या चाळीत जाऊन विचारा. तिचा आवाज खालच्या किराणावाल्यापर्यंत जायचा!

बाबांची कंपनी बंद पडल्यावर आईने वागळे इस्टेटमधल्या कामगार पोरांचे डबे सुरू केले. आमच्या शाळेच्या फिया त्याच डब्यांवर निघाल्या. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही जिन्याकडे उघडणारी. पंखा बाहेर हॉलमध्ये. 'माझा जीव जातोय आत, एक्झॉस्ट बसवा,' हे ती रोज म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं, बघू.

मग शारजाची ती मॅच आली. २२ एप्रिल १९९८, सचिनचे १४३. बाहेर मरणाचं उकडत होतं. आईने परात, पोळपाट उचललं आणि टीव्हीसमोर पंख्याखाली फतकल मारली. पीठ भुरभुर उडून बाबांच्या चष्म्यावर. बाबा म्हणाले, "अगं, हे काय?" "अहो, बघा की मॅच, मी कुठे अडवलंय? चपात्या इथेच लाटणार. दादा, तू आत जा, शेकायला." दादा गेला. सचिन मारत होता आणि हा आतून ओरडून विचारत होता, "चौका की सिक्स?" शारजात वाळूचं वादळ आलं तेव्हा कुठे पोराला बाहेर यायला मिळालं, बनियन पिळून काढावी असा. ती मॅच आपण हरलो, पण फायनलला गेलो. आणि पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे एक्झॉस्ट लागला. एवढी वर्षं तोंडाने सांगून जे झालं नाही, ते मॅच बुडाल्यावर झालं.

आता ही बाई 'कधी तक्रार नाही'वाली?

बरं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहितात, मान्य. त्या नातेवाइकांचा हेतूही वाईट नसेल. पण तिने तोंड फोडून सांगितलं होतं हो! ऐकायला कोणी नव्हतं, एवढंच. आणि आज तेच लोक तिच्या गप्प बसण्याची आरती ओवाळतायत. सोयीचं आहे ना.

आजी झाल्यावर तर ती आणखी वस्ताद झाली. माझ्या लेकीला तिनेच वाढवलं, खोटं कशाला बोलू. मी सकाळची ठाणे लोकल पकडायचे ते तिच्या जिवावर. पोरीला वरणभात भरवताना प्रत्येक घासाला एकेका शेजारणीचं नाव घ्यायची, हा पाटीलकाकूंचा, हा खालच्या मावशींचा, आणि आवडत नसलेल्या बाईचा घास शेवटी, मोठा करून. अजूनही लेक जेवताना मध्येच हसते, मी विचारत नाही.

पण रविवार तिचा. "मला धरू नका, सुट्टी आहे माझी." मैत्रिणीबरोबर आधी कोपिनेश्वराचं देऊळ, मग मासुंदा तलावाच्या काठावर भेळ, येताना जांभळी नाक्यावरून भाजी, कारण आमच्या इथला भाजीवाला लुटतो. पाहुणे येवोत नाहीतर आणखी कोणी, रविवारी गॅस पेटवायची नाही. जावयालासुद्धा सांगितलं होतं, "कुकर लावता येतो ना?" दादा तेव्हा हळूच म्हणालेला, "लाव बाबा, नाहीतर पोळपाट हॉलमध्ये येईल."

आणि रविवारीच तिचं वर्षश्राद्ध. चाळीस माणसांचा स्वयंपाक वहिनीने घरी करावा असं ग्रुपवर परस्पर ठरलंय. वहिनीला कोणी विचारलं? तिने होकाराचा अंगठा टाकलाय, पण तो अंगठा कसा असतो ते मला माहीत आहे.

तर ऐका. स्वयंपाक बाहेर सांगितलाय, पैसे मी आणि दादाने भरलेत. वडे, खीर, आळूची भाजी, सगळं आहे. किती जण येणार तो आकडा आज रात्रीपर्यंत कळवा. आणि तो फोटो ज्यांनी टाकलाय त्यांनी कृपया ती ओळ काढा. फोटो राहू दे, छान आलाय.