बायराकली : जिथे जमिनीला विचारलं नाही

इझमीरला गेलेली आपली मंडळी कोनाक चौकातल्या 1901 च्या घड्याळाच्या मनोऱ्यासमोर फोटो काढतात, केमेराल्तीच्या बाजारात फिरतात आणि दुसऱ्या दिवशी एफेससच्या प्राचीन अवशेषांची वाट धरतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, अर्धा दिवस बायराकलीला द्या. तुर्कस्तानातलं शहर कसं वाढतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे मला तरी तिथेच कळलं.

आखाताच्या पूर्वेकडच्या टोकाला असलेला हा इझमीरचा भाग 2008 मध्ये शेजारच्या कार्शियाकापासून वेगळा काढून स्वतंत्र नगरपालिका झाला. वर यामानलार डोंगराच्या उतारावर एकमेकांना खेटलेली कष्टकऱ्यांची घरं, खाली सपाटीवर न्यायालयाची इमारत, बँका, कार्यालयं आणि फोल्कार्ट या बांधकाम कंपनीचे 200 मीटर उंचीचे जुळे मनोरे.

आणि या सगळ्यात तेपेकुलेची लहानशी टेकडी. मूळ स्मिर्ना, म्हणजे जुनं इझमीर, ते हेच. ग्रीक महाकवी होमर स्मिर्नाचा, असं परंपरा मानते. एकरेम आकुर्गाल आणि जॉन कुक या पुरातत्त्वज्ञांनी 1948 मध्ये इथे उत्खनन सुरू केलं. अथेनाचं मंदिर, तटबंदी, घरांचे पाये सापडले. शेजारच्या लिडिया राज्याच्या राजाने इ.स.पू. 600 च्या सुमारास हे शहर उद्ध्वस्त केलं. ते नांदतं होतं तेव्हा ही टेकडी समुद्रात शिरलेलं एक टोक होती. आज तिथे उभं राहिलं तर पाणी बरंच लांब दिसतं. मधली जागा ओढ्यांनी आणलेल्या गाळाने भरली. बायराकलीची सपाटी म्हणजे मुख्यतः हा गाळच.

30 ऑक्टोबर 2020 ला दुपारी ग्रीसच्या सामोस बेटाच्या उत्तरेला समुद्रात भूकंप झाला. केंद्र इझमीरपासून सुमारे 70 किलोमीटरवर. खुद्द सामोसवर दोन मुलं गेली. इझमीरमध्ये शंभराहून जास्त माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक एकट्या बायराकलीत. एक चिमुरडी 91 तासांनी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, तेव्हा सगळा देश रडला होता.

जवळची गावं वाचली आणि दूरचा बायराकली कोसळला, याचं कारण त्या गाळात आहे. खरवसाची वाटी हलवून बघा : वाटी थांबली तरी खरवस थरथरत राहतो. खोल, मऊ, पाणथळ गाळात लाटा अशाच अडकतात, वाढतात, लांबतात. त्यांची लय सात-दहा मजली इमारतींच्या डोलण्याच्या लयीशी जुळली की धक्के दुणावतात. पडलेल्या इमारती बहुतेक याच उंचीच्या, भूकंपरोधक बांधकामाच्या 1998 च्या कडक नियमांआधी बांधलेल्या होत्या. काँक्रीट निकृष्ट, लोखंड अपुरं. काहींना तळमजल्यावर दुकानं असल्याने खाली भक्कम भिंतीही नव्हत्या. काचेचे मनोरे मात्र उभे राहिले.

म्हणून ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द ऐकले की मला राग येतो. गाळ तिथे आहे हे अभियंत्यांना ठाऊक होतं. तरीही 2018 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, तुर्की सरकारने देशभरातली बेकायदा बांधकामं पैसे भरून नियमित करून घेण्याची मुभा दिली. मजबुतीची जबाबदारी मालकावर टाकली. इंजिनिअरने येऊन इमारत तपासावी अशी अटही नव्हती. माणसांच्या जिवाची ही सरळ विक्री होती, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात देशाच्या आग्नेय भागात 50 हजारांहून जास्त माणसं गेली, तेव्हा या माफीवर पुन्हा बोट ठेवलं गेलं.

नवे मनोरे टिकले म्हणून मी त्यांचं कौतुक करायला तयार नाही. खोल पाया घालायला पैसा लागतो, तो त्यांच्याकडे होता. प्रश्न जुन्या आठ मजली इमारतीत पेन्शनवर राहणाऱ्यांचा आहे. इमारत धोक्याची आहे हे कळलं तरी ती पाडून नवी बांधायचा खर्च त्यांनी कुठून आणायचा? तो सरकारने उचलावा. पैसे घेऊन ज्यांनी बेकायदा बांधकामं नियमित केली, त्यांच्याकडे हे मागणं अजिबात जास्त नाही.

जाणार असाल तर इझबान लोकलने बायराकली स्टेशनला उतरा. आधी तेपेकुले बघा, मग बायराकलीतल्याच मानावकुयू वस्तीच्या गल्ल्यांतून चाला. सगळ्यात जास्त पडझड तिथे झाली होती.